मालदीव: आधी बेट बघा, खोली नंतर

निघायच्या आधी

मालदीवचं बुकिंग म्हटलं की सगळे आधी खोली बघतात. पाण्यावरची व्हिला, काचेची जमीन, बाथटबात बसून समुद्र वगैरे, आणि एकदा खोली मनात भरली की ती ज्या बेटावर आहे ते बेट आपोआप पदरात पडतं. आम्ही उलटं केलं, कारण बरोबर आई होती (सत्तरी ओलांडलेली, शाकाहारी, पोहता येत नाही, गुडघा कुरकुरतो), लेक होती (वय नऊ, पाण्यात गेली की बाहेर यायचं नाव नाही) आणि नवरा होता, ज्याला सुट्टीत एकही निर्णय घ्यायचा नसतो, मेन्यूकार्डसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवावं ही अपेक्षा. ऑल-इन्क्लुझिव्हचं खूळ (खाणंपिणं सगळं आधीच भरलेल्या पैशात) मुळात त्याचं.

तिथे एकूण बाराशेच्या आसपास बेटं आहेत, लोकवस्तीची दोनशेच्याही आत, आणि रिसॉर्टचा हिशोब म्हणजे एक बेट एक रिसॉर्ट. १९७२ साली कुरुम्बा हे पहिलं रिसॉर्ट सुरू झालं, तेव्हापासून साधारण हीच पद्धत चालत आली आहे. म्हणजे तुम्ही हॉटेल निवडत नसता, अख्खं गाव निवडत असता. जेवण आवडलं नाही म्हणून पलीकडच्या गल्लीत जाऊन काही खाऊ असं होत नाही कारण पलीकडे गल्ली नसते, समुद्र असतो. दुकान तेच, डॉक्टर तोच, किनारा तोच. त्यामुळे बेट चुकलं की सगळंच चुकलं, मग खोलीत काचेची जमीन असो नाहीतर सोन्याची.

मग मी नकाशा उघडला, सॅटेलाइटवाला, आणि हे काम प्रत्येकाने करावंच. बेटाभोवती फिकट निळा पट्टा दिसतो ते लगून, उथळ पाणी, आणि जिथे फिकट निळा एकदम गडद होतो ती प्रवाळाची कड. ही कड किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असेल तर पायऱ्या उतरून थेट मासे बघता येतात, त्यालाच हाऊस रीफ म्हणतात. फिकट पट्टा खूप रुंद असेल तर फोटो जबरदस्त येतात, लहान मुलांना डुंबायला पाणीही शांत मिळतं, पण मासे बघायला दरवेळी बोट आणि बोटीचं वेगळं बिल. ब्रोशरमध्ये दोन्ही बेटं सारखीच दिसतात. मला एका बाजूला लगून आणि दुसऱ्या बाजूला जवळची कड असं बेट हवं होतं, आणि अशी बेटं असतात, शोधावी लागतात.

दुसरी गोष्ट गाड्यांची. रिसॉर्टच्या बेटावर गाड्या नसतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण मोठ्या बेटांवर बॅटरीच्या बग्ग्या असतात आणि त्या बोलवाव्या लागतात, वाट बघावी लागते, आणि रस्त्याने चालताना मागून ट्रिंग ट्रिंग. छोट्या बेटावर बग्गीसुद्धा नसते, सामान हातगाडीवरून येतं आणि बाकी सगळं पायी, तेही वाळूतून. वाळूतले दोनशे मीटर म्हणजे डांबरी रस्त्यावरचे दोनशे मीटर नव्हेत, ज्याचा गुडघा दुखतो त्याला विचारा. म्हणून मी प्रत्येक बेटाच्या नकाशावर जेवायच्या जागेपासून खोलीचं अंतर मोजत बसले. पाण्यावरच्या व्हिला इथेच बाद झाल्या, त्या लांबलचक लाकडी जेटीच्या टोकाला होत्या आणि आईला दिवसातून तीनदा तिथून ये-जा करायला लावणं म्हणजे वारीच. शिवाय बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना त्या व्हिला देतच नाहीत, डेकला कठडा नसतो.

तिसरं म्हणजे भाव. वेबसाइटवर भावाच्या पुढे दोन बारीक प्लस असतात, ते वाचायचे. एक प्लस सर्व्हिस चार्ज १० टक्के, दुसरा प्लस पर्यटनावरचा टॅक्स, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला, आणि तो सर्व्हिस चार्ज धरून आलेल्या रकमेवर लागतो, म्हणजे १०० डॉलरचे १२८ डॉलर ७० सेंट. वर ग्रीन टॅक्स, माणशी दिवसाला १२ डॉलर, २०२५ च्या आधी ६ होता. आमचे चौघांचे रोजचे ४८ डॉलर निव्वळ हिरवे. त्यावर विमानतळ ते बेट हा प्रवास वेगळा, आणि तो कधी कधी एका रात्रीच्या खोलीएवढा असतो. म्हणून कुठल्याही दोन रिसॉर्टची तुलना करायची तर सगळं मिळवून आलेल्या शेवटच्या आकड्याची करायची. वरवर महाग वाटणारं आमचं रिसॉर्ट अशा बेरजेत स्वस्त निघालं, कारण शेजारच्या स्वस्तवाल्याच्या प्लॅनमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

आणि प्लॅन सगळ्यांचा सारखाच घ्यावा लागतो बरं का, एका खोलीतल्या एकाने ऑल-इन्क्लुझिव्ह आणि दुसऱ्याने नुसतं जेवण असं चालत नाही, ते उघडच आहे, नाहीतर एकाच्या ग्लासातून अख्खं घर प्यायलं असतं. आई म्हणाली, "अगं मी चहाशिवाय काही पीत नाही, माझे कशाला पैसे भरतेस?" भरले. दोन बेडरूमची बीच व्हिला, जेवणाच्या हॉलजवळ, दक्षिण अरी अटोल (अटोल म्हणजे प्रवाळाच्या कड्यातला बेटांचा समूह), फेब्रुवारी. डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम असतो आणि भाव चढे, मे ते नोव्हेंबर पावसाळी आणि भाव उतरलेले. शाळेच्या सुट्ट्या आणि आईचे डॉक्टर यांच्या मधून फेब्रुवारीच निघाला.

शनिवार

व्हिसा तिथे पोचल्यावर फुकट मिळतो, फक्त इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा. बॅगा एक्स-रेमधून जातात आणि कोणाच्या बॅगेत ड्यूटी फ्रीची बाटली असली तर ती ठेवून घेतात, परत जाताना पावती दाखवून न्यायची. आमच्यापुढे एक काका बराच वेळ हुज्जत घालत होते. रिसॉर्टच्या बारमध्ये दारू चालते, देशात आणायला चालत नाही, यावर हुज्जत घालून काय होणार.

बेटावर जायला तीन प्रकार. राजधानी मालेच्या विमानतळाजवळची बेटं असतील तर स्पीडबोट, ती दिवसरात्र जाते. लांब असेल तर सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं विमान), नाहीतर देशांतर्गत विमान अधिक स्पीडबोट. सी-प्लेन फक्त उजेडात उडतं, त्यामुळे तुमचं मोठं विमान संध्याकाळी उतरत असेल तर रात्र मालेमध्ये काढा, म्हणजे एका रात्रीचं जास्तीचं हॉटेल. आम्ही मुद्दाम दुपारच्या आत उतरणारं विमान घेतलं होतं, थोडं महाग पडलं पण ती रात्र वाचली.

सामान माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो, वर गेलं की किलोमागे पैसे. आईच्या पिशवीत लाडू आणि चिवडा मिळून तीन किलो भरले. वजन करणाऱ्या मुलाने एकदा पिशवीकडे आणि एकदा आईकडे बघून काहीच विचारलं नाही. मग लाउंजमध्ये बसायचं. किती वेळ ते कोणी सांगत नाही, एका दिशेच्या सगळ्या बेटांचे प्रवासी जमले की विमान निघतं. आम्हाला दोन तासांच्या आसपास लागले. हे धरून चालायचं म्हणजे चिडचिड होत नाही.

विमान छोटं, ट्विन ऑटर, पंधराएक सीट, पंखे डोळ्यासमोर आणि आवाज कानात. आणि पायलट अनवाणी! लेक माझ्या कानात ओरडून म्हणाली, "आई, त्यांनी बूट नाही घातले!" खरंच नव्हते, दोन्ही पायलट हाफ पँटमध्ये, उघडे पाय पेडलवर. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती थेट पाण्याला टेकेपर्यंत. खाली जे दिसतं ते मात्र सांगून कळणार नाही, निळ्या पाण्यात पांढऱ्या कडांची कडी, कडीच्या आत आणखी छोट्या कड्या, काही ठिकाणी बेट आहे, काही ठिकाणी नुसता वाळूचा ढीग ज्याच्यावर एकसुद्धा झाड नाही. आधी दुसऱ्याच एका रिसॉर्टला उतरून चार जणांना सोडलं, मग आमचं.

पोचल्यावर कळलं की बेटाचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे आहे. बरीच रिसॉर्ट असं करतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. सूर्य काही ऐकत नाही पण बार लवकर सुरू झाल्यासारखा वाटतो. परतीच्या विमानाची वेळ मात्र मालेची असते, ते तेव्हाच फोनवर लिहून ठेवलं.

रविवार

सकाळी अख्ख्या बेटाला चक्कर मारली. आईच्या चालीने वीस मिनिटांत जिथून निघालो तिथे परत. गाडीचा आवाज नाही हे तर झालंच, पण हॉर्न नाही, रिव्हर्स घेतानाची ती टुंटुं नाही, आणि लेकीला "बाजूने चाल" म्हणायचं माझं बंद झालं. ती सुटी झाली. नऊ वर्षांच्या मुलीला सकाळी चप्पल न घालता एकटीला नाश्त्याला पाठवता येतं, मागून आपण दहा मिनिटांनी जायचं, हे सुख त्या सगळ्या कॉकटेल्सपेक्षा मोठं होतं असं माझं मत आहे. नवऱ्याचं मत वेगळं असेल.

चक्कर मारताना एक गोष्ट दिसली जी फोटोत नसते. एका बाजूचा किनारा भरघोस आणि दुसऱ्या बाजूला वाळू जवळजवळ संपलेली, तिथे वाळूच्या पोत्यांची रांग लावलेली. माळ्याला विचारलं तर म्हणाला, वारा फिरला की वाळूही फिरते, सहा महिने इकडे सहा महिने तिकडे, आणि पावसाळ्यात त्या बाजूच्या लोकांना किनारा मिळतो. म्हणजे बुकिंग करताना "बीच व्हिला" एवढंच वाचून उपयोग नाही, आपण जाणार त्या महिन्यात त्या नंबरच्या खोलीपुढे बीच आहे का हे ईमेलने विचारायचं. मी विचारलं होतं, उत्तरात खोलीचा नंबर बदलून आला होता.

दुपारी हाऊस रीफ. किनाऱ्यावरून रीफच्या कडेकडे जायला ठरावीक वाटा असतात, पाण्यात खांब रोवलेले, त्यांच्यामधूनच जायचं म्हणजे प्रवाळावर पाय पडत नाही. मास्क लावून डोकं पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर आवाज. कुरुम कुरुम, कोणीतरी भाजलेले फुटाणे खातंय असा. तो पॅरटफिश होता, हिरवा-निळा-गुलाबी, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत होता, आणि खरवडून झालं की मागून पांढऱ्या वाळूचा धूर सोडत होता. ही जी मऊ पांढरी वाळू आपण पायाखाली तुडवतो तिच्यातली बरीचशी अशीच तयार झालेली असते. लेकीला हे सांगितलं मात्र, त्यानंतर तिने प्रत्येक पाहुण्याला अडवून ही माहिती दिली, जेवणाच्या वेळीसुद्धा.

प्रवाळाबद्दल खरं सांगायचं तर वरचा उथळ भाग बराचसा मेलेला आहे, करड्या काड्यांचा ढीग. १९९८, २०१६ आणि मग २०२४, समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं आणि फार दिवस तसं राहिलं की मरतं. रंगीत बागेचे फोटो बघून गेलात तर हिरमोड होईल. पण कड ओलांडून जिथे खाली उतार लागतो तिथे अजून जिवंत आहे, जांभळी टोकं असलेली शिंगं, टेबलासारखी पसरलेली, आणि माश्यांची तर कमीच नाही. एक कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता खात होतं.

आई किनाऱ्यावर पाय बुडवून बसली होती आणि तिच्या पायाजवळून हातभर लांबीचे शार्क फिरत होते, काळ्या टोकाच्या परांचे, पिल्लं. ती म्हणे, "बोंबलासारखे दिसतात." माणसांना काही करत नाहीत, उलट आपण हललो की पळतात. मालदीवने २०१० मध्ये शार्क मारायलाच बंदी घातली, त्यामुळे दिसतातही भरपूर.

सोमवार

काही केलं नाही. त्यामुळे ऑल-इन्क्लुझिव्हचं सांगते.

यातलं ऑल म्हणजे सगळं नसतं, आणि काय नाही त्याची यादी आधी मागवायची. आमच्यात तिन्ही वेळचं बुफे, दुपारचा चहा-खाणं, दारूचे साधे ब्रँड, ज्यूस, कॉफी, खोलीतला मिनीबार दिवसातून एकदा भरून, स्नॉर्केलचं सामान (मास्क आणि श्वास घ्यायची नळी), कयाक, आणि एक सूर्यास्ताची बोट एवढं होतं. यात नव्हतं: मोटरवाले खेळ, स्पा, खोलीत मागवलेलं जेवण आणि वरच्या फळीवरच्या बाटल्या. समुद्रावरच्या वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवलं तर माणशी काही डॉलर सूट, बाकीचं आपण. चालतं की, आधी माहीत असलं म्हणजे काही वाटत नाही.

एकच गोष्ट मला पचली नाही. शहाळं. बेटावर जिकडे बघाल तिकडे नारळ, पाहुण्यांच्या डोक्यात पडू नये म्हणून माणूस चढून ते उतरवत असतो, आईने स्वतः बघितलं. आणि बारमध्ये शहाळं मागितलं तर ते प्लॅनमध्ये नाही, ८ डॉलर प्लस प्लस. बाहेरून जहाजाने आलेली व्होडका फुकट आणि खिडकीसमोरचा नारळ विकत! आई दोन तास गप्प होती, मग संध्याकाळी त्या झाडावर चढणाऱ्या मुलाशी खुणांनी काहीतरी बोलली आणि येताना तिच्या हातात शहाळं होतं. कसं जमवलं विचारलं तर म्हणाली, "चिवडा दिला."

शाकाहारी जेवणाचं म्हणाल तर डाळ, भात, दोन भाज्या, रोटी रोज होती, बुकिंग करताना लिहून कळवलं होतं म्हणून शेफ पहिल्याच रात्री येऊन भेटून गेला. मासे आणि नारळ सोडले तर खाण्याचं जवळजवळ सगळं बाहेरच्या देशातून येतं त्यामुळे भाज्या फार ताज्या असतील अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही बाकीच्यांनी नाश्त्याला मस हुनी खाल्लं, टूना, खोबरं, कांदा, मिरची, लिंबू सगळं हाताने कुस्करलेलं आणि बरोबर गरम पातळ रोशी. रोज खाल्लं.

मंगळवार

दक्षिण अरी घेण्याचं अर्धं कारण आज होतं. इथल्या बाहेरच्या कडेला व्हेल शार्क (जगातला सगळ्यात मोठा मासा) वर्षभर दिसतात, बाकी जगात बहुतेक ठिकाणी त्यांचे महिने ठरलेले असतात. २००९ मध्ये हा पट्टा संरक्षित केला. दिसतीलच याची खात्री कोणी देत नाही, देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सकाळी धोनीतून निघालो, धोनी म्हणजे तिथली रुंद लाकडी बोट, आईला चढायला सोपी पडली. दीड तास बोट कडेकडेने हळूहळू, दोन पोरं छपरावर उभी राहून पाण्याकडे बघत. नवरा पेंगला होता. अचानक वरून हाक आली आणि सगळी बोट एका बाजूला. गाइडने आधीच दम भरला होता: अंगापासून ३ मीटर लांब, शेपटीपासून ४, हात लावायचा नाही, फ्लॅश नाही, पुढून अडवायचं नाही. उडी मारली, फेसाने काही दिसेना, मग फेस विरला आणि खाली एक करडी भिंत सरकत होती. मला आधी कळलंच नाही की मासा आहे, मला वाटलं तळ आहे, मग त्याच्यावर पांढरे ठिपके दिसले, ओळीने, मध्ये फिकट रेघा, रांगोळी घालायच्या आधी ठिपके काढतो ना तसे. पोटाखाली दोन छोटे मासे चिकटून फुकट प्रवास करत होते. डोळा अगदीच लहान, एवढ्या मोठ्या अंगाला शोभत नाही. सहा मीटर तरी असेल. इथे दिसणारे बहुतेक सगळे वयात न आलेले नर असतात, पुढचे मोठे कुठे जातात देव जाणे. कल्ल्यामागच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून अभ्यासक त्यांना ओळखतात, आमच्या गाइडने तेवढ्यासाठी डाव्या बाजूचा फोटो काढला.

तो संथ दिसतो पण आपण पंख्यासारखे पाय मारूनही मागे पडतो. लेकीला एका मुलाने रबरी ट्यूबला धरून ओढत नेलं, ती पाण्याखाली नळीतून किंचाळत होती ते मला ऐकू येत होतं. आईला बोटीवरून काळी सावली दिसली तेवढ्याने ती खूश.

आता नावडलेलं. पाच मिनिटांत आजूबाजूला दहाएक बोटी जमल्या आणि प्रत्येकीतून माणसं धबाधब पाण्यात, कोणाचे फिन्स माझ्या तोंडावर, एक बाप्या तर थेट माश्याच्या डोक्यावर डुबकी मारायला निघाला होता. ३ मीटर कोण मोजतंय. मासा खाली खोल निघून गेला, बरोबर केलं त्याने. आपल्या हातात एवढंच की रिसॉर्टला विचारायचं की बोट किती वाजता निघते आणि किती माणसं नेते. सगळ्यात पहिली निघणारी, कमी माणसांची बोट घ्या, थोडे जास्त पैसे देऊन.

बुधवार

नवऱ्याने सकाळी डायव्हिंग करून बघितलं. तिथे पहिला प्रश्न विमान कधी आहे. डुबकीनंतर लगेच उडायचं नसतं, आमच्या सेंटरचा नियम पूर्ण २४ तासांचा होता आणि सी-प्लेनही त्यात धरतात, म्हणून डायव्हिंग शेवटच्या दिवसावर ढकलू नये.

दुपारी आम्ही तिघी दिगुरा बेटावर गेलो, रिसॉर्टचीच बोट, वेगळे पैसे. हे लोकवस्तीचं बेट, लांबच लांब आणि अरुंद, तीनेक किलोमीटर. आमच्या मनात होतं की पुढच्या वेळी रिसॉर्टऐवजी इथल्या गेस्टहाऊसमध्ये राहता येईल का ते बघावं. लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊस २०१० च्या सुमारास सुरू झाली आणि खर्च रिसॉर्टच्या पाव पटीतसुद्धा बसतो, ग्रीन टॅक्सही छोट्या गेस्टहाऊसला निम्मा. पण दारू नाही, पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर, गावात खांदे-गुडघे झाकून. आईला हे सगळं एकदम पसंत पडलं.

रस्ते वाळूचेच, खराट्याच्या ताज्या रेघा पडलेल्या. प्रत्येक घरासमोर आणि बंदरावर लोखंडी नळ्यांच्या चौकटीत दोरीची जाळी विणलेल्या खुर्च्या, त्यांना जोआली म्हणतात, एका चौकटीत तीन-चार जणांची सोय. आई एकीत बसली आणि तिथल्या आजीबाई शेजारी येऊन बसल्या, भाषा एक नाही, पण गुडघ्याकडे बोट दाखवून दोघी बराच वेळ बोलल्या. जुन्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या, नीट बघितलं तर दगडात प्रवाळाची फुलं दिसतात. दुकानात रुफियामध्ये भाव, डॉलरही घेतात. शहाळं इथे स्वस्त होतं, आईने मला भाव दोनदा वाचायला लावला.

मला विचाराल तर गेस्टहाऊस दोघांसाठी किंवा तरुण पोरांसाठी झकास. आई आणि लेक दोघी बरोबर असताना मला रिसॉर्टवरचा डॉक्टर आणि दाराबाहेरचा किनारा हवा, त्याचे पैसे मी भरेन.

गुरुवार

रिसेप्शनवर विचारलं तर एक रिकामी वॉटर व्हिला दाखवली. छानच आहे, नाही कशाला म्हणू. पायऱ्या थेट पाण्यात, खाली मासे. पण वारा सुटला होता आणि खालच्या खांबांवर लाटा अशा आपटत होत्या की दाखवणारी मुलगी आवाज चढवून बोलत होती, आणि शेजारच्या व्हिलाच्या डेकवरचं सगळं दिसत होतं, सगळं म्हणजे सगळं, आईला मी उलटं फिरवलं. आमच्या खोलीपुढे झाडं होती, सावली होती, लेक वाळूत खेकड्यांची शर्यत लावत होती. वॉटर व्हिला हवीच असेल तर शेवटची एक रात्र घ्यावी.

बेटाच्या मागच्या टोकाला पाहुणे फारसे जात नाहीत. तिथे जनरेटर, खारं पाणी गोडं करायचं यंत्र, कामगारांच्या खोल्या, त्यांची मशीद, आणि सामानाची बोट लागते तो धक्का. आमच्या काचेच्या बाटल्यांतलं पिण्याचं पाणी इथूनच भरून यायचं. जनरेटरची घरघर जवळच्या तीन-चार व्हिलांपर्यंत स्पष्ट ऐकू येते, आणि नकाशावर ते टोक नेहमी नुसतं हिरवं दाखवलेलं असतं. खोली मागताना सांगायचं की त्या टोकाची नको आणि सी-प्लेनच्या धक्क्याजवळचीही नको, सकाळी लवकरच पहिलं विमान येतं.

शुक्रवार

सी-प्लेनची वेळ आदल्या रात्री चिठ्ठीवर येते, आपल्या मनासारखी असतेच असं नाही. आमची सकाळचीच निघाली आणि पुढचं विमान संध्याकाळी, म्हणजे विमानतळावर बसणं आलं. तशीही शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बऱ्याच बोटी आणि दुकानं बंद असतात, मालेत फिरायचा विचार आम्ही सोडून दिला.

लेकीने जमवलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे मी आदल्या दिवशीच किनाऱ्यावर परत ठेवायला लावले, ते देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा बघतात. एक रुसवा झाला.

बिल दीड पानाचं आलं. ग्रीन टॅक्स, व्हेल शार्कची बोट, दिगुराची बोट, डायव्हिंग, आणि मुख्य जेवणाच्या, पिण्याच्या खात्यात शून्य, तिथे नवऱ्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मी ओळ न ओळ तपासली कारण असल्या बिलात दुसऱ्या खोलीचं काहीतरी शिरतंच, आणि शिरलं होतं, दोन मसाज, ते काढून घेतले. ऑल-इन्क्लुझिव्ह बाराला संपतं, आमचं विमान दहाचं, त्यामुळे नाश्त्यानंतर नवऱ्याने वसुली म्हणून आणखी एक कॉफी मागवली.

आईला विचारलं, परत आलीस तर काय वेगळं करशील. म्हणाली चिवडा जास्त आणीन, २० किलोत बसला तर.